वाचकांचे प्रश्न : पुरुषांची स्तनवृद्धी आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे निर्णय

पुरुषांच्या छातीत स्तनग्रंथी वाढण्याच्या विकाराला वैद्यकात गायनेकोमास्टिया म्हणतात आणि व्यायामशाळेतील मुले त्याला नुसते ‘गायनो’ म्हणतात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे, मजकूर थोडा संक्षिप्त करून, या अंकात घेतली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी नाव न छापण्याची विनंती होती. ती पाळली आहे. हे सगळे आजकालच्या पिळदार देहाच्या हौसेतून निघालेले खूळ आहे, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की सातव्या शतकातील पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याने या विकारावरच्या शस्त्रक्रियेची कृती आपल्या ग्रंथात लिहून ठेवलेली आहे.

प्रश्न : माझे वय २६ आहे. मूळचा सांगलीचा असून सध्या पुण्यात हिंजवडी येथे नोकरी करतो. चौदाव्या वर्षापासून माझी छाती पुढे आलेली आहे. तीन वर्षे नियमित व्यायाम केला, वजन उतरले, पण छाती तशीच राहिली. मोबाइलवर एक जाहिरात पाहून चौकशी केली, तर पलीकडच्या बाईंनी ‘एका दिवसात घरी, डाग नाही, सुलभ हप्ते’ असे सांगून लगेच तारीख नक्की करण्याचा आग्रह धरला. दुसऱ्या ठिकाणी छायाचित्रे पाठवायला सांगून त्यावरूनच खर्च सांगितला. सर्जन कसा निवडावा?

उत्तर : तुम्ही दोन ठिकाणी चौकशी केलीत, दोन्हीकडे खर्चाची भाषा झाली, परंतु तुम्हाला हात लावून अद्याप कोणीही तपासलेले नाही. सर्जनची निवड येथूनच सुरू करा. तारीख आणि रक्कम यांच्या आधी जो तुम्हाला तपासतो, घेत असलेल्या व पूर्वी घेतलेल्या औषधांची यादी विचारतो आणि वृषणांची तपासणी केल्याशिवाय पुढे जात नाही, त्यालाच आपल्या यादीत ठेवा. छातीच्या तक्रारीसाठी वृषणे कशाला तपासायची, असे रुग्णांना वाटते आणि संकोचही वाटतो. परंतु वृषणातील काही गाठी संप्रेरके स्रवतात आणि स्तनवृद्धी हे त्यांचे बाहेर दिसणारे पहिले लक्षण असू शकते. थायरॉइडचे वाढलेले काम, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा दीर्घ विकार, टेस्टोस्टेरॉनची कमतरता यांचाही विचार करावा लागतो. तुमच्यासारख्या, वयात येताना सुरू होऊन वर्षानुवर्षे तशीच राहिलेल्या वाढीत बहुधा असे काही सापडत नाही, तरीही ते नाही याची खात्री आधी झालेली बरी.

तपासणीचा दुसरा हेतू छातीत नेमके काय आहे ते ठरवण्याचा असतो. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत स्तनाग्रामागचा भाग धरला, की ग्रंथी असेल तर रबरासारखी घट्ट, हलणारी चकती हाताला लागते. नुसती चरबी असेल तर सगळे सारखेच मऊ लागते. नुसती चरबी असेल तर ती बारीक नळीने शोषून घेतली म्हणजे काम भागते, ग्रंथी मात्र शोषून नीट निघत नाही, ती कापूनच काढावी लागते, आणि बहुसंख्य रुग्णांमध्ये दोन्ही असल्याने दोन्ही पद्धती एकत्र वापराव्या लागतात. तिसरा मुद्दा त्वचेचा. १९७३ मध्ये सायमन आणि सहकारी सर्जननी केलेली या विकाराची वर्गवारी आजही वापरात आहे. तिच्यात पाहिली जाते ती वाढ किती आहे आणि जादा त्वचा लोंबते आहे का. खूप वजन उतरवलेल्या माणसाची त्वचा सैल असेल तर तीही कमी करावी लागते आणि मग व्रण मोठा होतो. म्हणूनच मित्राचा निकाल पाहून स्वतःचा अंदाज बांधू नये, आणि छायाचित्रावरून सांगितलेल्या खर्चावर तर मुळीच विसंबू नये.

आता पदवीविषयी. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही अक्षरे पाटीवर कोणीही रंगवू शकतो. आपल्याकडे त्या नावाची स्वतंत्र मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी नाही. पाहायची ती प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा त्याच विषयातील डी.एन.बी., जिला आता डॉ.एन.बी. म्हणतात. एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षे सामान्य शल्यचिकित्सा आणि त्यानंतर आणखी तीन वर्षे प्लास्टिक सर्जरी, असा हा रुळलेला मार्ग आहे. काही अनुभवी जनरल सर्जनही स्तनांच्या शस्त्रक्रिया उत्तम करतात हे मी नाकारत नाही. परंतु तेथेही ‘या विशिष्ट शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण कोठे घेतले’ हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर डॉक्टरचे नाव शोधता येते. नोंदणी चालू आहे का, आणि पाटीवरची वरची पदवी परिषदेकडे नोंदवलेली आहे का, ही दोन्ही उत्तरे मिळवा. नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स ऑफ इंडिया या व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व ही जमेची बाजू, पण ते नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

शस्त्रक्रिया जेथे होणार ती जागाही तितकीच महत्त्वाची. खासगी रुग्णालयाला १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली प्रमाणपत्र घ्यावे लागते. शहरात ते महापालिका देते आणि अन्यत्र जिल्हा शल्यचिकित्सकांचे कार्यालय. हे प्रमाणपत्र, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली दिसली पाहिजे. पूर्ण भूल असो वा झोपेचे औषध देऊन केलेली स्थानिक भूल असो, भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियागृहात शेवटपर्यंत हजर असावा आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्याने तुम्हाला स्वतः तपासावे. रक्तस्राव झाला तर रात्री दोन वाजता पुन्हा शस्त्रक्रियागृह उघडण्याची सोय आहे का, हे जरूर विचारा. दुकानगाळ्यातील चकचकीत क्लिनिकमध्ये या प्रश्नाचे उत्तर अनेकदा मिळत नाही.

भेटीत विचारायच्या प्रश्नांपैकी मी सर्वांत वर ठेवीन तो असा : ‘माझी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार?’ जाहिरात करणाऱ्या काही कंपन्या रुग्ण मिळवून देण्याचे काम करतात आणि सर्जनची गाठ थेट शस्त्रक्रियेच्या सकाळी पडते. ज्याने तपासले त्यानेच शस्त्रक्रिया करावी आणि नंतरच्या तपासण्याही त्यानेच कराव्यात, हा आग्रह धरा. त्यानंतर तुमच्यासारखीच छाती असलेल्या रुग्णांची आधीची आणि नंतरची छायाचित्रे मागा. नंतरची छायाचित्रे किमान सहा महिन्यांनी काढलेली, त्याच प्रकाशात, त्याच अंतरावरून आणि हात तसेच ठेवून काढलेली असावीत. दुसऱ्या आठवड्यातली सूज किंवा पोट आत ओढून काढलेले छायाचित्र काहीच सिद्ध करत नाही. मनाजोगा न झालेला एखादा निकालही दाखवायला सांगा. सर्जन तो कसा दाखवतो आणि त्याविषयी काय बोलतो, यावरून त्याच्या स्वभावाचा चांगला अंदाज येतो.

या शस्त्रक्रियेत ग्रंथी कमी काढणे जसे चुकते, तसे जास्त काढणेही चुकते, किंबहुना ते अधिक त्रासदायक ठरते. स्तनाग्राखाली ग्रंथीचा पातळ थर मुद्दाम ठेवावा लागतो. तो राहिला नाही तर स्तनाग्र आत खचते आणि बशीसारखा खळगा पडतो, जो नंतर भरून काढणे अवघड असते. ‘शंभर टक्के ग्रंथी काढतो’ अशी जाहिरात करणाऱ्याला या खळग्याविषयी अवश्य विचारा. ‘डाग नाही’ हेही खरे नव्हे. सर्जन वेबस्टर यांनी १९४६ मध्ये वर्णन केलेली, स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेने जाणारी अर्धगोल चीर आजही सर्रास वापरतात, कारण दोन रंगांच्या सीमेवर व्रण लपतो. लपतो, नाहीसा होत नाही. आणि ज्याच्या अंगावर लसीच्या किंवा कान टोचल्याच्या जागी जाड, लाल व्रण उठतात त्याने ते आधीच दाखवावेत.

शेवटी कागदपत्रे. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, रुग्णालय, छातीला घालायचे दाबाचे जाकीट, काढलेल्या ग्रंथीची पॅथॉलॉजी तपासणी व जीएसटी हे सर्व धरले आहे का ते पाहा. दोन्ही बाजू सारख्या न झाल्यास दुरुस्तीची शस्त्रक्रिया कोणत्या मुदतीत आणि कोणाच्या खर्चाने होईल, हेही त्याच कागदावर आणा. तुमची छायाचित्रे जाहिरातीत वापरण्याची परवानगी संमतिपत्राच्या मजकुरात कोठेतरी घुसडलेली असू शकते. ती स्वतंत्र बाब आहे आणि नाकारली म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. दोन सर्जनांची मते घेतलीत तर एकालाही वाईट वाटण्याचे कारण नाही. ज्याला वाटेल, त्याच्याकडे जाऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. वर्षभरापासून त्याच्या छातीत दोन्ही बाजूंना गाठी आल्या आहेत व हात लागला तर दुखते. शाळेत मुले चिडवतात म्हणून त्याने पोहणे सोडले, उन्हाळ्यातही तो जाड शर्ट घालतो. दहावीच्या आधी सुट्टीत शस्त्रक्रिया करून घ्यावी का? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, या सुट्टीत नको. वयात येताना मुलांच्या शरीरातील संप्रेरकांचा तोल काही काळ ढळतो आणि तेरा-चौदाच्या सुमारास स्तनग्रंथी वाढतात. ही वाढ फार मोठ्या संख्येने मुलांमध्ये होते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. आज कापलेली ग्रंथी, संप्रेरके अजून स्थिरावत असताना, पुन्हा वाढू शकते. त्यामुळे साधारण अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत आणि वाढ किमान वर्षभर जैसे थे राहिली आहे हे दिसेपर्यंत थांबण्याकडेच सर्जनचा कल असतो. अपवाद आहेत : वाढ फारच मोठी असेल किंवा मुलाच्या मनावर खोल परिणाम होत असेल, तर आधीही निर्णय घेतला जातो, आणि तेव्हा पालकांची लेखी संमती लागते.

थांबणे म्हणजे काहीच न करणे नव्हे. मुलाला एकदा बालरोगतज्ज्ञाकडे आणि गरज वाटल्यास संप्रेरकतज्ज्ञाकडे घेऊन जा. उंची भराभर वाढलेली पण वृषणे लहान, दाढीमिशीचा पत्ता नाही, असे चित्र असेल तर क्लाइनफेल्टरसारख्या गुणसूत्रांच्या विकाराची चाचणी करावी लागते. गाठ नवी व दुखरी असताना काही निवडक मुलांना संप्रेरकतज्ज्ञ टॅमॉक्सिफेन देतात. वर्ष उलटून ग्रंथी घट्ट झाली की गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. हे औषध दुकानातून परस्पर आणून देऊ नका. आणि आणखी एक, जे डॉक्टरने सांगण्यापेक्षा आईने करण्यासारखे आहे : वर्गशिक्षकांना भेटा. चिडवणे थांबवणे हे शाळेचे काम आहे आणि त्यासाठी मुलाचे शरीर बदलण्याची वाट पाहायची गरज नाही.

प्रश्न : वय ५८, कोल्हापूर. प्रोस्टेटसाठी दोन वर्षांपासून गोळी चालू आहे. गेल्या तीन महिन्यांत फक्त डाव्या छातीत गाठ आली आहे. शस्त्रक्रियेसाठी प्लास्टिक सर्जनकडे जावे की जनरल सर्जनकडे?

उत्तर : तुमच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचार नंतर, आधी निदान, आणि तेही या आठवड्यात. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड या औषधांनी स्तनवृद्धी होऊ शकते, तशीच ती हृदय वा यकृताच्या विकारात देतात त्या स्पायरोनोलॅक्टोनने आणि मानसिक आजाराच्या काही औषधांनीही होते. औषध बदलल्यावर, वाढ नवी असेल तर, ती ओसरते. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा. परंतु या वयात एकाच बाजूला नव्याने आलेली गाठ औषधाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. स्तनांच्या एकूण कर्करोगांपैकी पुरुषांमधील एक टक्क्याहूनही कमी असले, तरी ते होतात, आणि पुरुषाला असे काही होत नसते या समजुतीमुळे उशिरा सापडतात. गाठ स्तनाग्राच्या बरोबर खाली नसून बाजूला असणे, दगडासारखी टणक लागणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत गाठ लागणे, यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही दवडू नका. मॅमोग्राफी पुरुषांचीही होते. तिच्यासोबत सोनोग्राफी आणि गरजेनुसार सुईने तुकडा काढून तपासणी होईल. कोणत्या सर्जनकडे जायचे ते या अहवालावर ठरेल. तोपर्यंत जनरल सर्जनला दाखवणे योग्य.

प्रश्न : वय ३१, राहणार अमरावती. नागपूरच्या एका प्लास्टिक सर्जननी दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरवली आहे. मला खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाण्याची सवय आहे. व्यायामशाळेत प्रशिक्षकाने दिलेली काही इंजेक्शने वर्षापूर्वी घेतली होती, हे मी डॉक्टरांना सांगितलेले नाही. तयारी काय करावी?

उत्तर : आधी न सांगितलेले सांगा. स्नायू वाढवण्यासाठी घेतलेल्या ॲनाबॉलिक स्टेरॉइडचे शरीरात काही प्रमाणात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात रूपांतर होते, आणि बाहेरून टेस्टोस्टेरॉन येत राहिल्याने वृषणे आपले काम थांबवतात. अशा दुहेरी मार्गाने ग्रंथी वाढते. इंजेक्शने थांबून वर्ष झाले असेल तर शस्त्रक्रियेला अडचण नसावी, पण टेस्टोस्टेरॉन, एल.एच. (वृषणांना चालना देणारे संप्रेरक) आणि यकृताच्या चाचण्या सर्जनना कराव्याशा वाटतील. नंतर ती पुन्हा सुरू केलीत, तर ठेवलेल्या पातळ थरातून ग्रंथी पुन्हा वाढू शकते आणि मग दोष सर्जनचा नसेल. डबा न वाचता घेतलेली पावडरही बंद ठेवा.

खर्रा आजपासून बंद. यात मी कोणतीही सवलत देणार नाही. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि या शस्त्रक्रियेत स्तनाग्राच्या खालचा भाग मोकळा केल्याने त्याचा रक्तपुरवठा आधीच मर्यादित झालेला असतो. त्यात तंबाखूची भर पडली तर जखम भरायला वेळ लागतो आणि क्वचित त्वचाच काळी पडते. किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर, असा नियम आहे, आणि तो सिगारेटइतकाच गुटखा, मिश्री व खर्रा यांनाही लागू आहे. सुपारीचा आणखी एक परिणाम विदर्भातील भूलतज्ज्ञांना चांगला ठाऊक आहे : तोंडाच्या आतील अस्तर कडक होऊन तोंड पुरेसे उघडत नाही, आणि भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे जिकिरीचे होते. तुमची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसतील तर भूलतज्ज्ञांच्या पहिल्या भेटीतच सांगा, म्हणजे ते वेगळी तयारी ठेवतील.

औषधांच्या बाबतीत, घरातील सर्व पाकिटे पिशवीत घालून भेटीला न्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून त्या साधारण एक ते दोन आठवडे आधी थांबवतात; परंतु हृदयात स्टेंट बसवलेल्या कोणी हे वाचून ॲस्पिरिन बंद करू नये, तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचा. आयुर्वेदिक चूर्णे व काढेही सांगा. ‘ते काय, झाडपाल्याचे’ म्हणून लपवू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा वजन उतरवण्याचे आठवड्याचे इंजेक्शन चालू असेल तर ते भूलतज्ज्ञांना कळलेच पाहिजे, कारण काहींमुळे पोट रिकामे व्हायला वेळ लागतो. रक्त, साखर, यकृत, मूत्रपिंड, रक्त गोठण्याची क्षमता आणि हृदयाचा आलेख (ईसीजी) या नेहमीच्या चाचण्या सांगितल्या जातील. वजन गेले काही महिने स्थिर असावे; शस्त्रक्रियेच्या आधीच्या पंधरवड्यात उपास करून ते उतरवण्याचा प्रयत्न करू नका.

आदल्या दिवशी छातीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक ओरखड्यांतून जंतुसंसर्ग होतो. लागले तर रुग्णालयात यंत्राने काढतात. भुलेच्या आधी सहा तास घन अन्न नाही, आणि दूध व दुधाचा चहा हेही घन अन्नातच मोडते. नुसते पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालते, तरी तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळच पाळा. सकाळी सर्जन तुम्हाला उभे करून छातीवर पेनाने खुणा करतील. हे काम आडवे केल्यावर होत नाही, कारण चरबी बाजूला सरकते. म्हणून या वेळी संकोच न करता आरशासमोर उभे राहून, तुम्हाला खटकणारा भाग, काखेखालच्या वळीसह, बोटाने दाखवा. पुढून बटणे असलेला सैल शर्ट घालून जा, कारण नंतर काही दिवस हात डोक्यावर नेणे जड जाईल.

तुम्ही अमरावतीचे आणि शस्त्रक्रिया नागपूरला, म्हणजे मध्ये दीडशे किलोमीटरचा रस्ता. या शस्त्रक्रियेनंतर सर्वांत जास्त आढळणारी लवकरची गुंतागुंत म्हणजे आत रक्त साचणे, आणि ते बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत होते. एकच बाजू अचानक फुगली, टणक झाली, दुखणे वाढत गेले, तर त्याच क्षणी सर्जनना फोन करायचा असतो. त्यामुळे त्याच संध्याकाळी गाडी करून परत येण्याचा बेत सोडा. नागपूरला दोन रात्री नातेवाइकांकडे किंवा लॉजवर काढा आणि सोबत एक जाणता माणूस ठेवा. आत साचणारा द्रव बाहेर काढणारी ड्रेनची नळी लावली तर ती साधारण काही दिवसांत निघते. तिच्या पिशवीत किती द्रव जमला ते वेळेसह लिहून ठेवा.

दाबाचे जाकीट चार ते सहा आठवडे, बहुतेक वेळ रात्रंदिवस, घालावे लागते. एक धुवायला आणि एक अंगात असे दोन घ्या आणि जमल्यास विदर्भातील मे महिना टाळा. बसून करायच्या कामावर आठवडाभरात जाता येते, मोटारसायकलला त्याहून अधिक थांबा, आणि छातीचा व्यायाम चार ते सहा आठवड्यांनी, सर्जननी सांगितल्यावरच. स्तनाग्र काही महिने बधिर वाटू शकते. सूज हळूहळू उतरते, खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. तोपर्यंत रोज आरशासमोर दोन बाजूंची तुलना करीत बसू नका. ग्रंथीचा पॅथॉलॉजी अहवाल मात्र मागून घ्या आणि जपून ठेवा.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील आहे, वय १९. सैन्यभरतीची तयारी करतो. धावण्यात उत्तीर्ण झालो, पण वैद्यकीय तपासणीत छातीच्या कारणावरून तात्पुरता अपात्र ठरवले. शस्त्रक्रिया केल्यास घेतील का?

उत्तर : ‘तात्पुरता’ हा शब्द तुमच्या बाजूचा आहे. तपासणी मंडळाने दिलेला कागद नीट वाचा : फेरतपासणीसाठी कोठे आणि कोणत्या मुदतीत हजर राहायचे ते त्यावर असते. शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी चालू भरतीच्या अधिसूचनेतील वैद्यकीय निकष मिळवा किंवा जवळच्या भरती कार्यालयात विचारा, कारण शस्त्रक्रियेनंतर किती आठवड्यांनी उमेदवाराला पात्र धरतात हे त्यातून कळते आणि तुमची तारीख त्यावर ठरवावी लागेल. मुदत हुकू नये म्हणून मिळेल त्या सर्जनकडून घाईने चीर मारून घेऊ नका. खचलेले स्तनाग्र किंवा जाड व्रण घेऊन दुसऱ्यांदा मंडळापुढे उभे राहण्यापेक्षा पुढच्या भरतीची वाट पाहिलेली परवडते. आणि फेरतपासणी लष्करी रुग्णालयातील तज्ज्ञ करतात; तेव्हा नुसती चरबी आहे असे त्यांनीच म्हटले, तर शस्त्रक्रियेची वेळही येणार नाही. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद आणि पॅथॉलॉजी अहवाल यांच्या मूळ प्रती सांभाळा. ‘मंडळात ओळख आहे’ म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : आरोग्य विमा या शस्त्रक्रियेचा खर्च देतो का? नसल्यास कमी खर्चात कोठे होईल? — एक वाचक, पनवेल

उत्तर : बहुधा देत नाही. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अटींनुसार सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक शस्त्रक्रिया वगळलेली आहे. अपघात, भाजणे वा कर्करोगानंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याचा थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केलेली शस्त्रक्रिया, एवढेच अपवाद आहेत. दीर्घकाळ दुखणे किंवा गाठीविषयी शंका असेल, तर अहवाल जोडून पूर्वमंजुरीचा अर्ज जरूर करा. नकार लेखी घ्या, आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मुंबई व पुणे येथे ही कार्यालये आहेत. बिलावर दुसरेच निदान लिहून देण्याची तयारी एखाद्याने दाखवली तर तेथून बाहेर पडा, कारण पॉलिसी रद्द होईल ती तुमची.

कमी खर्चासाठी मुंबईत परळचे के.ई.एम., शीवचे लोकमान्य टिळक, नायर आणि जे.जे. या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तेथे भाजलेले, अपघातात सापडलेले व कर्करोगाचे रुग्ण आधी घेतले जातात आणि ते योग्यच आहे. तुम्हाला महिनोन्‌महिने थांबावे लागेल आणि बाह्यरुग्ण विभागात चार-पाच फेऱ्या होतील. पहिल्या फेरीला पूर्वीचे सर्व अहवाल आणि औषधांची यादी न्या. ही शिकवणारी रुग्णालये असल्याने शस्त्रक्रियेत निवासी डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हात लावतात. प्रत्यक्ष कोण करणार आणि वरिष्ठ कोण उपस्थित असतील, हा प्रश्न तेथेही विचारता येतो. नीट विचारला तर उत्तर मिळते.